रामन परिणाम नालवाडीत कधी येणार?

दर वर्षी २८ फेब्रुवारी जवळ आली की वर्ध्याच्या आसपासच्या शाळांकडून आम्हा पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना बोलावणी येतात. ‘विज्ञान दिन आहे सर, रामन परिणामावर दोन शब्द सांगा.’ मी आनंदाने जातो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या तसबिरीला हार घातला जातो, मी फळ्यावर आकृती काढतो, मुले ती वहीत उतरवून घेतात, आणि चहा-बिस्किटांनी कार्यक्रम संपतो.

एका वर्षी मात्र नववीतल्या एका मुलीने हात वर केला. ती म्हणाली, ‘सर, रामन परिणाम तुम्ही स्वतः पाहिला आहे का?’

खरे तेच सांगावे लागले. पाहिला आहे, पण एकदाच. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत, आणि तोही संगणकाच्या पडद्यावरच्या आलेखात. यावर तिचा दुसरा प्रश्न तयार होता. ‘मग तो आमच्या गावात कधी येणार?’

मी नालवाडीत राहतो. वर्धा शहराला लागूनच आमचे गाव आहे. विनोबाजी १९३२ पासून, १९३८ मध्ये पवनारला जाईपर्यंत, येथे राहिले. येथून जवळच दत्तपूर आहे, मगनवाडी आहे, सेवाग्राम आहे. ‘हे गावात कधी येणार?’ हा प्रश्न या परिसराने फार पूर्वीपासून विचारला आहे. तेव्हा त्या मुलीला मी तेव्हा दिले त्याहून नीट उत्तर देणे मला भाग आहे. हा लेख म्हणजे ते उत्तर.

एक कोटीत एक

आधी थोडी उजळणी करू. प्रकाश एखाद्या पारदर्शक द्रवातून गेला की त्याचा अगदी थोडा अंश रेणूंवर आपटून सर्व दिशांना विखुरतो. यालाच प्रकीर्णन म्हणतात. विखुरलेला बहुतेक प्रकाश मूळच्याच रंगाचा असतो. परंतु त्यातील एक अतिशय क्षीण भाग, ढोबळमानाने एक कोटी फोटॉनांत एखादा, रंग बदलून बाहेर येतो. रेणूला हलवण्यात, ताणण्यात, वाकवण्यात त्याने आपली थोडी ऊर्जा खर्च केलेली असते.

रामन सरकारी अर्थखात्यात नोकरीला होते हे तुम्हांला ठाऊक असेल. १९१० मध्ये त्यांची बदली आपल्या नागपूरला झाली होती. पुढच्याच वर्षी ते कलकत्त्याला परतले आणि १९१७ मध्ये नोकरी सोडून प्राध्यापक झाले. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेल्या कलकत्त्याच्या विज्ञानसंस्थेत त्यांचे काम चाले. तेथेच के. एस. कृष्णन यांच्यासह त्यांनी १९२८ मध्ये हा शोध लावला. साधने कोणती? भिंगाने एकवटलेला सूर्यप्रकाश, रंगीत काचा, शुद्ध केलेले द्रव आणि अंधारात मुरलेला डोळा. निळी-जांभळी काच लावून द्रवावर प्रकाश सोडायचा आणि जी काच निळा प्रकाश अडवते तीतून पाहायचे. काहीही दिसायला नको, पण दिसले! पुढे पाऱ्याचा दिवा व वर्णपटदर्शक लावून त्यांनी नव्या रेषाही पाहिल्या. १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता या परिणामाचे महत्त्व कशात आहे ते एका हिशोबाने पाहू. कागद-पेन्सिल घ्या.

एका सेंटिमीटरात प्रकाशाचे किती तरंग मावतात ते मोजू. पाऱ्याच्या दिव्यातील निळ्या रेषेची तरंगलांबी ४३५.८ नॅनोमीटर. म्हणजे एका सेंटिमीटरात तिचे २२,९४६ तरंग मावतात. हा प्रकाश बेंझिनवर सोडला, तर विखुरलेल्या प्रकाशात २१,९५४ तरंगांची एक नवी रेषा मिळते. तिची तरंगलांबी ४५५.५ नॅनोमीटर. दोहोंतील फरक ९९२.

आता दिवा बदलू. आजच्या उपकरणांत पुष्कळदा ७८५ नॅनोमीटरचा लेसर असतो. त्याचे एका सेंटिमीटरात १२,७३९ तरंग मावतात. बेंझिनची नवी रेषा आता ८५१.३ नॅनोमीटरला मिळते, म्हणजे ११,७४७ तरंग. वजाबाकी करा. पुन्हा ९९२!

दिवा बदलला, रंग बदलला, पण फरक तोच राहिला. कारण तो फरक दिव्याचा नाही, बेंझिनच्या रेणूचा आहे. प्रत्येक पदार्थाचा असा स्वतःचा फरकांचा संच असतो. अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखावा तसा या रेषांवरून पदार्थ ओळखता येतो. बाटली न फोडता, पदार्थ न जाळता, त्यात काही न मिसळता. शिवाय पाण्याचे रामन प्रकीर्णन दुबळे असते, त्यामुळे पाण्यात विरघळलेले पदार्थही तपासता येतात.

आता सांगा, ही विद्या गावात नको का? दुधात काय मिसळले आहे, हळदीच्या पुडीत खरीच हळद आहे की पिवळा रंग, औषधाची गोळी खरी आहे की खडूची, कीटकनाशकाच्या बाटलीत चिठ्ठीवर लिहिलेलेच द्रव्य आहे की दुसरे काही, हे प्रश्न गावाचेच आहेत.

बादली आणि पाट

अडचण आहे ती त्या ‘एक कोटीत एक’ ची. इतका क्षीण प्रकाश पकडायचा तर जोरदार लेसर हवा, उत्तम भिंगे हवीत, मूळ रंग काटेकोरपणे अडवणारी गाळणी हवी, संवेदनशील शोधक हवा. म्हणून प्रयोगशाळेतले उपकरण टेबलभर असते. हातात धरण्याजोगी रामन उपकरणे आता मिळतात, औषध कारखान्यांत आणि विमानतळांवर ती वापरलीही जातात. पण त्यांची किंमत लाखांत असते. गावच्या दूध संस्थेने ती घ्यावी कशी?

येथे एक नवी वाट निघाली आहे. संगणकाची चिप तुम्हांला माहीत आहे. सिलिकॉनच्या चकतीवर जशा विजेच्या वाटा कोरतात, तशाच प्रकाशाच्या वाटाही कोरता येतात. सिलिकॉन नायट्राइड या पदार्थाची एक बारीक पट्टी काचेच्या थरावर बसवतात. पट्टीची रुंदी सुमारे ७०० नॅनोमीटर आणि जाडी २०० नॅनोमीटरच्या आसपास. आपल्या डोक्याचा केस तिच्या सुमारे शंभर पट रुंद असतो. पट्टीचा अपवर्तनांक सुमारे २, खालच्या काचेचा सुमारे १.४५ आणि वर पाणी असेल तर त्याचा १.३३. दोन्ही बाजूंना विरळ माध्यम असल्याने पूर्ण आंतरिक परावर्तन होते आणि प्रकाश पट्टीत अडकून वाहत राहतो. हिलाच तरंगमार्गदर्शक म्हणतात.

पण प्रकाश आतच अडकला तर बाहेरच्या दुधाला त्याचा उपयोग काय? येथेच खरी गंमत आहे. आपल्या शेतातला पाट आठवा. पाणी पाटातूनच वाहते, तरी पाटाचा काठ बोटभर ओला असतोच, आणि त्या ओलीवर काठचे गवत हिरवेगार राहते. तसेच पट्टीतून वाहणाऱ्या प्रकाशाची थोडी ‘ओल’ पट्टीच्या पृष्ठभागाबाहेर असते. ती एक-दोनशे नॅनोमीटरांतच विरून जाते. परंतु त्या टापूत जो रेणू येईल त्याला प्रकाश भेटतो, रामन प्रकीर्णन होते, आणि रंग बदललेल्या प्रकाशाचा काही भाग त्याच पट्टीत परत शिरून पुढे वाहतो. तोच आपण टोकाला गोळा करायचा.

सूक्ष्मदर्शकाने प्रकाश एका बिंदूवर एकवटणे म्हणजे बादलीने एकाच झाडाच्या बुंध्याशी पाणी ओतण्यासारखे आहे. तीव्रता मोठी, पण टापू अवघा काही मायक्रोमीटरांचा. त्यापुढे प्रकाश पुन्हा पसरतो. पाटात मात्र प्रकाश पसरतच नाही. एक सेंटिमीटर लांबीचा पाट असेल तर त्या सेंटिमीटरभर काठाला ओल पोचते. पाट गुंडाळून, नागमोडी करून, चिमूटभर चिपवर आणखी लांबही करता येतो.

बेल्जियमच्या गेंट विद्यापीठात अशीम धकाल, रोएल बाट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे प्रत्यक्ष करून दाखवले. चिपवर त्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोल ठेवले, पट्टीतून ७८५ नॅनोमीटरचा लेसर सोडला, आणि त्याच पट्टीतून अल्कोहोलचा रामन वर्णपट परत मिळवला. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत पट्टीवर वायू शोषून धरणारा लेप देऊन हवेतील अल्प वाफा ओळखण्याचे कामही झाले आहे. आपल्याकडे बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, तसेच मद्रास आणि मुंबईच्या आयआयटी येथे प्रकाशीय चिपांवर संशोधन चालते. रामन १९३३ मध्ये त्याच बंगळूरच्या संस्थेचे संचालक होऊन गेले होते, हे लक्षात घ्या.

आशा कशात आहे ते सांगतो. भिंगे एकेक घासून, एकेक जुळवून बसवावी लागतात. चिपा मात्र एका चकतीवर शेकडो एकदम छापता येतात. जी गोष्ट छापता येते ती स्वस्त होऊ शकते. पुस्तकाचे झाले, घड्याळाचे झाले, उद्या याचेही होईल.

ग्लासातला पुरावा

मी सांगतो म्हणून ‘ओल’ मान्य करू नका. आज रात्री जेवताना पाहा. काचेचा गुळगुळीत ग्लास पाण्याने बराच भरा. हातात धरा आणि वरून, पाण्याच्या पृष्ठभागातून, तिरके खाली असे पाहा की ग्लासाची बाजूची भिंत आतून दिसेल. ती चांदीसारखी चकचकीत दिसेल. हे पूर्ण आंतरिक परावर्तन. बाहेर धरलेली तुमची बोटे तिच्यातून दिसणार नाहीत.

आता बोट किंचित ओले करून काचेवर दाबा. चकाकीत बोटाच्या रेषा उमटतील. ठशातला उंचवटा जेथे काचेला भिडला तेथे चकाकी मोडली; रेषांमधला खळगा जेथे काचेपासून दूर राहिला तेथे चकाकी तशीच राहिली. प्रकाशाने काचेबाहेर डोकावून स्पर्श ओळखला! चिपवर हेच घडते. ग्लासातला हा प्रयोग केला की चिपचे अर्धे शास्त्र तुमच्या हाती आले.

आणि त्याबरोबर तिची एक मर्यादाही हाती आली. जे भिडले तेच चिपला कळते. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते लागणार आहे.

अजून काय काय नडते

उत्साहाच्या भरात अर्धे सांगणे हा गुन्हा आहे, म्हणून अडचणीही सांगतो. पट्टीत प्रकाश घालणेच कठीण. केसाच्या शंभराव्या हिश्शाच्या दारातून लेसर आत सोडायचा आहे. दुसरे, पट्टीचा पदार्थही रेणू-अणूंचाच बनलेला असल्याने तो स्वतःही रामन प्रकाश देतो, आणि त्या कोलाहलात दुधाची कुजबुज ऐकायची असते. तिसरे, लेसरचा मूळ रंग अडवणारी गाळणी आणि रेषा वेगळ्या करणारा वर्णपटदर्शक हे दोन्ही त्याच चिपवर उत्तम रीतीने बसवणे अजून सोपे झालेले नाही. प्रयोगशाळेत चिप नखाएवढी असली तरी तिच्या भोवतीचा लेसर आणि शोधक टेबलभर असतात, असे पुष्कळदा दिसते.

चौथी अडचण अनुस्फुरणाची. ती तुम्ही घरी पाहू शकता. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातील वायगावची हळद प्रसिद्ध आहे, तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. चिमूटभर हळद सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळा, वरचा पिवळा द्रव घ्या आणि अंधारात नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली धरा. दिव्याकडे थेट पाहू नका आणि जवळ विस्तव नको. द्रव हिरवट पिवळा झळाळून उठेल. हा रामन परिणाम नव्हे; हे अनुस्फुरण. ते रामन प्रकाशाच्या लक्षावधी पट प्रखर असू शकते आणि त्यात रामन रेषा बुडून जातात. ते टाळण्यासाठीच ७८५ नॅनोमीटरसारखा तांबड्यापलीकडचा लेसर वापरतात. पण प्रकीर्णन तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून पाऱ्याच्या निळ्या प्रकाशाऐवजी ७८५ घेतला की मूळचाच क्षीण संकेत आणखी सुमारे १० पटींनी क्षीण होतो. एकीकडे मिळवावे तर दुसरीकडे गमवावे लागते. पदार्थविज्ञानात फुकट काही मिळत नाही.

प्रदर्शनात कोणी द्रव झळाळताना दाखवून ‘हा रामन परिणाम’ म्हणाले, तर त्यांना नम्रपणे विचारा, ‘दिव्याचा रंग बदलला तर या झळाळीचा रंग सरकतो का?’ रामन रेषा दिव्याबरोबर सरकते, अनुस्फुरण आपल्या जागीच राहते.

लॅक्टोमीटरची गोष्ट

या अडचणी अभियंते सोडवतील असा मला विश्वास आहे. मला काळजी वाटते ती वेगळीच. त्यासाठी घरची एक गोष्ट सांगतो.

१९९३ च्या उन्हाळ्यात मी आठवी उत्तीर्ण होऊन सुटीत घरी होतो. आमच्याकडे दोन गवळाऊ गाई होत्या. बाबा संध्याकाळी दूध काढत आणि आम्ही दोघे ते जवळच्या एका संकलन केंद्रावर नेऊन देत असू. मे महिना, वर्ध्याचा उन्हाळा; सूर्य कलला तरी जमीन भाजत होती. केंद्रावरच्या माणसाने दुधात लॅक्टोमीटर सोडला. २६ आकडा आला. केंद्राला २८ हवा होता. ‘पाणी टाकलं आहे,’ असे म्हणून त्याने दूध परत केले. बाबा म्हणाले, ‘पाणी नाही टाकलं जी मी.’ रांगेतले लोक पाहत होते. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बाबा केंद्रावर गेले नाहीत. पुढे आम्ही घरोघरी रतीब घातला, पण ‘पाणी घालणारा’ हा शब्द गावात बरेच दिवस फिरत राहिला.

बी. एस्सी.ला असताना लॅक्टोमीटरचा प्रयोग आला आणि माझ्या हातून पेन खाली पडले. लॅक्टोमीटर दुधाची घनता मोजतो. घनता तापमानावर अवलंबून असते. आमच्या प्रयोगातला लॅक्टोमीटर २७ अंश सेल्सिअसवर आखलेला होता, आणि दूध त्याहून गरम असेल तर दर अंशाला साधारण ०.२ मिळवावे, असे पुस्तकात स्पष्ट लिहिले होते. बाबांचे दूध गाईच्या सडातून नुकतेच निघालेले आणि बाहेरही चाळिशीची उष्णता. समजा दूध ४० अंशांवर होते. १३ अंशांचे २.६ झाले. २६ अधिक २.६ बरोबर २८.६. दूध उत्तीर्ण! शिवाय ताज्या दुधात हवेचे बुडबुडे असतात, त्यानेही आकडा उतरतो. दूध थोडा वेळ ठेवून, ढवळून मग मोजायचे असते.

यंत्र खोटे बोलले नव्हते. आकडा बरोबरच होता. तो वाचणाऱ्याला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, आणि ज्याच्यावर तो आकडा लादला गेला त्याला तर उलट प्रश्नही विचारता येत नव्हता. त्या केंद्रावर एक साधा थर्मामीटर असता आणि एक माणूस शिकलेला असता, तर माझ्या वडिलांची अब्रू वाचली असती. मी बाबांना हे समजावून सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘आता सांगून का होते? पोरांले शिकवजो.’

लाल दिवा पुरेसा नाही

आता तेच केंद्र डोळ्यांपुढे आणा, आणि लॅक्टोमीटरच्या जागी रामन चिपची डबी ठेवा. तिच्यात दुधाचा थेंब टाकला की हिरवा किंवा लाल दिवा लागतो. लाल म्हणजे ‘युरिया आहे, दूध परत’. सोपे, झटपट, आधुनिक!

पण पाहा बरे. दुधात युरिया निसर्गतःच असतो. गाईच्या चाऱ्यात प्रथिने अधिक झाली की तो वाढतो. म्हणून आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमातही शून्याची अट नाही. दर किलोला ७०० मिलिग्रॅमपर्यंत तो चालतो. म्हणजे ‘आहे का?’ हा प्रश्नच चुकीचा आहे, ‘किती आहे?’ हा प्रश्न हवा. आणि इतक्या अल्प प्रमाणाची मोजणी क्षीण संकेतावरून करणे सोपे नाही. पुढे ऐका. युरियाची ठळक रामन रेषा १,००० च्या किंचित वर असते. दुधाच्या प्रथिनांत फिनिलअॅलनिन नावाचे अॅमिनो आम्ल असते, त्याची ठळक रेषा १,००३ च्या जवळ. दोन्ही जवळजवळ एकमेकींवर पडतात. चिपवरचा वर्णपटदर्शक पुरेसा बारीक नसेल, तर प्रथिनसमृद्ध दूध आणि युरिया घातलेले दूध यांत तो गफलत करू शकेल.

आणि ते वाक्य आठवा, जे भिडले तेच चिपला कळते. दुधातले स्निग्धाचे गोलक काही मायक्रोमीटरांचे असतात, ‘ओल’ मात्र फक्त एक-दोनशे नॅनोमीटर. प्रथिने पट्टीला चिकटून बसतात, ती नीट धुतली नाहीत तर सकाळच्या गवळ्याच्या दुधाची साक्ष संध्याकाळच्या गवळ्याविरुद्ध दिली जाईल.

म्हणजे चिप वाईट आहे का? मुळीच नाही. तिचा आलेख दाखवा, मर्यादा सांगा, शंका आली तर दुसऱ्या पद्धतीने पडताळा. मग तिच्यासारखे साधन नाही. पण आलेख लपवून फक्त लाल दिवा दाखवणारे यंत्र गावात आले, तर तो १९९३ चाच न्याय होईल, फक्त अधिक महाग आणि अधिक निरुत्तर करणारा. लॅक्टोमीटरच्या काचेत निदान पारदर्शकता होती. शिकलेल्या पोराला तो चुकला कुठे हे पुढे का होईना शोधता आले. बंद डबीत काय शोधणार?

माझे एक सहकारी या मुद्द्यावर मला हसतात. ते म्हणतात, ‘अहो, तुम्ही मोबाईल वापरता, त्याच्या आत काय चालते ते तुम्हांला कुठे ठाऊक असते?’ त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. वापरणाऱ्या प्रत्येकाला आतले सारे कळावे असा हट्ट मी धरत नाही. पण मोबाईल माझ्या दुधावर, माझ्या कमाईवर, माझ्या प्रामाणिकपणावर निकाल देत नाही. जे यंत्र निकाल देते त्याला प्रश्न विचारणारा एक तरी माणूस गावात असलाच पाहिजे.

त्याच न्यायाने यंत्राकडून भलत्या अपेक्षाही करू नयेत. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. बाटलीत काय आहे हे सांगणारी चिप उपयोगी खरीच, परंतु अंगात संरक्षक कपडे नसणे, अनेक औषधे एकत्र कालवणे, वाऱ्याच्या दिशेचे भान नसणे, यांवर कोणतीही चिप उपाय नाही. त्यावर उपाय शिक्षण आणि व्यवस्था हाच.

दीडशे रुपयांचा चरखा

मग चिप कशी असावी? यासाठी आपल्या परंपरेत एक चांगला नमुना आहे. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळचे एक लाख! बक्षिसापेक्षा अटी वाचण्याजोग्या आहेत. चरखा हलका व झोपडीत चालवता येईल असा असावा. किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी. तो भारतात बनवता यावा. वेळच्या वेळी देखभाल केल्यास तो २० वर्षे चालावा, आणि वर्षाची देखभाल किमतीच्या ५ टक्क्यांत व्हावी. बक्षीस शेवटी कोणालाच मिळाले नाही. पण यंत्र कोणासाठी, हे आधी ठरवून मग यंत्र मागायचे, ही रीत मला फार मोलाची वाटते.

त्याच रीतीने मी माझ्या अटी मांडतो. चिपची डबी दूध संस्थेला आपल्या गल्ल्यातून घेता यावी. बिघडली तर वर्ध्यात, फार तर नागपुरात दुरुस्त व्हावी. एका चिपेसाठी परदेशी पत्र लिहावे लागू नये. तिने दिव्याबरोबर आलेखही दाखवावा, आणि कोणालाही तो कागदावर मागता यावा. पदार्थांच्या रेषांचा जो संग्रह ताडून ती निकाल देते तो सर्वांना खुला असावा; त्यात आपल्या गवळाऊ गाईचे दूध, आपली वायगावची हळद नोंदलेली असावी, कारण दुसऱ्या देशातल्या गाईच्या दुधावरून आमच्या गाईचा न्याय होऊ नये. ‘मला सांगता येत नाही’ असे म्हणण्याची सोय यंत्रात असावी. आणि आठवड्यातून एक दिवस ती डबी गावच्या शाळेत असावी.

शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शिक्षक मित्रांनो, ही तुमच्यासाठी आहे. यंत्र येईपर्यंत थांबू नका. जुन्या सीडीचा तुकडा आणि पुठ्ठ्याची डबी यांतून वर्णपटदर्शक होतो. त्यातून नळीचा दिवा, एलईडी आणि मेणबत्ती पाहिली की रेषा आणि पट्टा यांतला फरक मुलांना आयुष्यभर विसरता येत नाही. त्यातून सूर्याकडे मात्र कोणी पाहू नये. शाळेत लॅक्टोमीटर आणि थर्मामीटर आणा, दूध वेगवेगळ्या तापमानांना मोजा, आलेख काढा, ०.२ हा आकडा खरा की खोटा ते मुलांनाच ठरवू द्या. नागपूरच्या रमण विज्ञान केंद्राची सहल काढली तर फारच उत्तम, पण सहलीआधी ग्लासातला प्रयोग करून जा.

आणि विद्यार्थी मित्रहो, त्या नववीतल्या मुलीला माझे उत्तर असे आहे. रामन परिणाम नालवाडीत येणारच आहे. दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, नखाएवढ्या चिपवर बसून. तो येईल तेव्हा संकलन केंद्राच्या रांगेत एखादा शेतकरी लाल दिव्याकडे पाहत उभा असेल. त्या वेळी पुढे होऊन ‘थांबा, आलेख दाखवा, दूध किती तापमानाला होते ते सांगा, पट्टी शेवटची कधी धुतली?’ असे विचारणारे कोणी तेथे असेल का?

यंत्र बंगळूरला बनेल, बेल्जियमला बनेल. हे प्रश्न विचारणारा मात्र नालवाडीतच तयार व्हावा लागेल. येत्या २८ फेब्रुवारीला तसबिरीला हार जरूर घाला, पण आधी लॅक्टोमीटर आणि थर्मामीटर घेऊन जवळच्या गोठ्यात जाऊन या.